टाकून दिलेली बॅटरी पुन्हा भरावी का?



मागे याच मालेत आम्ही ‘अभाव’ या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “सर, नसलेल्या गोष्टीवर तुम्ही सव्वा तास बोललात. पुढच्या खेपेला एखाद्या असलेल्या गोष्टीवर बोला.” म्हणून या वर्षी आम्ही इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी घेतली आहे. (हशा) तीही, खरे सांगायचे तर, लोकांनी ‘नाही’ म्हणून टाकून दिलेली. म्हणजे अभाव काही आमची पाठ सोडत नाही.

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे तुमच्या मनात आले असेल. आमच्या सौभाग्यवतींच्याही आले होते. त्याचे उत्तर असे की, गेल्या दीड वर्षात दोन बॅटऱ्यांनी आम्हाला तर्कशास्त्र पुन्हा शिकवले. एक आमची स्वतःची. दुसरी आमच्या सोसायटीतल्या इस्त्रीवाल्यांच्या मुलाची. त्यातली एक वाचली, एक वाचली नाही. आणि कोणती वाचेल याबद्दलचा आमचा अंदाज साफ उलटा ठरला.

आमची हकीकत साधी आहे. गुडघ्याने दगा दिल्यावर आम्ही चढासाठी मोटर असलेली सायकल घेतली. आपल्याकडे मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की नोंदणी-परवान्याची कटकट नाही. आमच्या वयाला हे बरे. मग मुलीकडे नागपूरला जाणे झाले, तिथे मुक्काम लांबला, आणि आठ महिन्यांनी पुण्याला परतलो तर बॅटरी बसलेली. बटण दाबले, काही नाही. चार्जर लावला, तर हिरवा दिवा! आम्ही खूश. म्हटले, भरलेलीच आहे की. सायकलला लावली, पुन्हा काही नाही. दुकानदाराने मल्टीमीटर लावून शून्य दाखवला आणि म्हणाला, “काका, मेली ही. नवीन घ्या.” किंमत ऐकून आम्ही थोडे गप्प झालो.

या एका प्रसंगात दोन चुकीची अनुमाने झाली, एक आमचे आणि एक त्याचे. ती कुठे चुकली हे कळायला बॅटरीच्या पोटात काय असते ते आधी बघू.

बाहेरून एक दिसणारी ही पेटी आत एक नसते. आमच्या पेटीत चाळीस सेल आहेत. बोटाएवढे, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर उंचीचे, म्हणून त्यांना ‘१८६५०’ म्हणतात. चार-चार सेल समांतर जोडून एक गट, आणि असे दहा गट एकापुढे एक, साखळीत. प्रत्येक गटाचे सरासरी व्होल्टेज ३.६ धरले तर दहाचे ३६. म्हणून ही ‘३६ व्होल्टची’ बॅटरी. पण ३६ हा आकडा म्हणजे निव्वळ नाव आहे बरं का. पूर्ण भरली की प्रत्येक गट ४.२ वर जातो, एकूण ४२. उतरत उतरत गट ३ च्या खाली आला की थांबायला हवे. सेलचे सगळे आयुष्य या सव्वा व्होल्टच्या पट्ट्यात गेले पाहिजे. वर गेला तर धोका, खाली गेला तरी धोका.

आता चाळीस सेल नीट वागतील यावर कोण लक्ष ठेवणार? त्यासाठी आत एक छोटे सर्किट असते, त्याला बीएमएस म्हणतात, म्हणजे बॅटरीचा व्यवस्थापक म्हणा. प्रत्येक गटापर्यंत त्याची एकेक बारीक तार गेलेली असते. एखादा गट फार खाली गेला, की तो बाहेरचा दरवाजा बंद करतो. एखादा फार वर गेला, की भरणे थांबवतो. मागच्या पिढीत वाड्याला दिंडीदरवाजा असे, तसे हे. आत माणसे आहेत की नाहीत हे दिंडी बंद असल्यावरून कळत नाही.

दुकानदाराचा शून्य इथे येतो. आपल्या परंपरेत भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्यांनी एक अट घातली आहे: ती अनुपलब्धी ‘योग्य’ पाहिजे. म्हणजे, घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. दुकानदाराने मल्टीमीटर लावला तो दिंडीच्या बाहेर. आत वीज असती तरीही तिथे शून्यच दिसला असता. त्याची अनुपलब्धी योग्य नव्हती.

आणि आमचा हिरवा दिवा? आम्ही ‘हिरवा, म्हणून भरलेली’ असे अनुमान केले. पण चार्जरचा हिरवा दिवा फक्त एवढेच सांगतो की, आपल्यातून आता प्रवाह जात नाही. बॅटरी भरली तरी प्रवाह जात नाही, आणि दिंडी बंद असली तरी जात नाही. जो हेतू साध्याबरोबरही सापडतो आणि साध्य नसतानाही सापडतो, त्याला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात. पस्तीस वर्षे आम्ही हा हेत्वाभास पोरांना शिकवला, आणि स्वतःच्या पार्किंगमध्ये त्यात पडलो.

मग बॅटरी भरली का जात नव्हती? कारण मोठे गमतीचे आहे. या जातीचे बरेचसे चार्जर समोर बॅटरीचे व्होल्टेज दिसल्याशिवाय वीज सोडत नाहीत; तारा चुकून एकमेकींना लागल्या तर ठिणगी नको, म्हणून ही सोय. आणि आमचा बीएमएस असा, की बाहेरून चार्जरचे व्होल्टेज आल्याशिवाय जागा होत नाही. चार्जर म्हणतो, आधी तू दाखव. बॅटरी म्हणते, आधी तू. हा शुद्ध अन्योन्याश्रय दोष! लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी ‘आधी तुम्ही बोला’ म्हणत बसतात, तसे. बॅटरीत काही बिघाड नव्हता असे नाही, पण ‘मेली’ म्हणण्याजोगे काहीही सिद्ध झालेले नव्हते.

आमचा एक जुना विद्यार्थी तपकीर गल्लीच्या आसपास बॅटऱ्या जोडण्याचे काम करतो. तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही त्याला दोनदा नापास केले होते, हे तो दर भेटीत सांगतो. त्याच्याकडे गेलो. त्याने आधी पेटी हातात घेऊन नुसती पाहिली, हुंगली. सेल फुगला आहे का, कुठे हिरवट गंज आहे का, पाणी शिरल्याची खूण आहे का, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा गोडसर वास येतो का. यातले एकही असते तर, तो म्हणाला, “सर, मी उघडलीच नसती.” मग अंगठी आणि घड्याळ काढून ठेवले. ते का, हे लक्षात ठेवा: उघड्या बॅटरीच्या दोन टोकांवर धातू पडला तर शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि अंगठी बोटातच तापते.

झाकण काढून त्याने एकेका गटाचे व्होल्टेज मोजले. नऊ गट २.८ च्या आसपास, एक गट २.४. एकूण बेरीज २७.६.

त्याच संध्याकाळी इस्त्रीवाल्यांचा मुलगा आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, संध्याकाळी घरोघरी जेवण पोचवण्याचे काम करतो, साध्या सायकलवर. आम्ही बॅटरीचे सांगितले तर त्याचे डोळे चमकले. त्याने भंगारवाल्याकडून दीड हजाराला अशीच एक ३६ व्होल्टची बॅटरी घेतली होती. मोटर कुणाकडून तरी मिळणार होती. त्याच्या बॅटरीचेही बाहेर शून्य होते, पण त्याने आतल्या आत पहिल्या आणि शेवटच्या गटामध्ये मीटर लावून पाहिले होते: २८.९ व्होल्ट. “सर, माझी तर तुमच्यापेक्षा जास्त जिवंत आहे की!” आम्हालाही तसेच वाटले. नव्हे, आम्ही त्याला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याची बॅटरी त्याच टेबलावर आली. आठ गट ३.३ ते ३.५ च्या दरम्यान, म्हणजे आमच्यापेक्षा कितीतरी छान. नववा १.१. दहावा ०.६.

आमच्या विद्यार्थ्याने मीटर खाली ठेवला आणि म्हणाला, “ही नाही.”

पोराचा चेहरा पडला. साहजिक आहे. दीड हजार रुपये म्हणजे त्याच्या कितीतरी खेपांचे पैसे. तो वाद घालू लागला, आणि त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. आठ गट चांगले आहेत ना? दोनच खाली आहेत ना? बीएमएस अडवतोय, तर त्याला बाजूला काढून चार्जर थेट टोकांना लावू. किंवा दुसरी भरलेली बॅटरी क्षणभर जोडून झटका देऊ. असे करताना त्याने व्हिडिओत पाहिले होते, आणि व्हिडिओतली बॅटरी चालू झाली होती.

याचे उत्तर देण्यासाठी आम्ही दोघांनी कागद घेतला. तोच हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

चार्जरला गट दिसत नाहीत. त्याला फक्त दोन टोके दिसतात, आणि त्यांच्यामध्ये ४२ व्होल्ट होईपर्यंत तो ढकलत राहतो. दहा गट निरोगी असतील तर ४२ भागिले १०, प्रत्येकी ४.२. ठीक. पण समजा ते खालचे दोन गट आतून इतके बिघडले आहेत की व्होल्टेज धरतच नाहीत. मग तेच ४२ व्होल्ट आठ गटांत वाटले जाणार. ४२ भागिले ८ किती? ५.२५. ज्या सेलला ४.२ च्या वर न्यायचे नाही, त्याला आपण सव्वापाचाकडे ढकलतो आहोत, तेही चांगल्या सेलला! आजाऱ्याला वाचवता वाचवता धडधाकट मारण्याचा प्रकार. हे होऊ नये म्हणून जो पहारेकरी बसवला, त्यालाच आपण ‘अडथळा’ म्हणून बाजूला काढायला निघालो होतो.

झटक्याचेही तसेच. एकीकडे ४२ व्होल्टची भरलेली बॅटरी, दुसरीकडे २८.९ ची. फरक तेराचा. दोन्हींचा मिळून अंतर्गत रोध पाव ओहम धरला तर प्रवाह पन्नास अँपिअरच्या पुढे. त्याच्यावर कुणाचाही लगाम नाही. नेहमीचा चार्जर दोन अँपिअर देतो, एवढे सांगितले की कल्पना येईल.

आणि त्या दोन गटांत नेमके काय झाले असेल? इथे थोडे रसायन आले. सेलमध्ये धातूच्या दोन लांब पत्र्या गुंडाळलेल्या असतात. धन बाजूला ॲल्युमिनियम, ऋण बाजूला तांबे, त्यांवर आपापली द्रव्ये लेपलेली, आणि मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. हा पडदा सुमारे वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. सेल फार खाली उतरला आणि तसाच पडून राहिला, की तांब्याची पत्री विरघळू लागते. ते तांबे द्रवात फिरते, आणि आपण पुन्हा भरायला लागलो की भलत्या ठिकाणी पुन्हा धातू होऊन बसते, कधी सुईसारखे. ती सुई एक दिवस पडदा ओलांडते. आतल्या आत दोन बाजू भिडतात, सेल तापतो, तापल्यावर आतली द्रव्ये स्वतःच उष्णता सोडू लागतात, त्याने आणखी तापतो. मग शेजारचा सेल. हे एकदा सुरू झाले की बाहेरून स्विच बंद करून थांबत नाही.

यात ‘एक दिवस’ हा शब्द महत्त्वाचा. असा सेल भरल्याबरोबर पेटेलच असे मुळीच नाही. आठवडे चालेल, महिने चालेल. म्हणून व्हिडिओतली बॅटरी चालू झाली, हे खरेच असणार. पण ‘चालू झाली’ वरून ‘निर्धोक झाली’ निघत नाही. व्हिडिओ चालू होण्याच्या क्षणी संपतो. शिवाय ज्यांची पेटली, ते व्हिडिओ टाकायला बसले नसतील. चार्वाकाने अनुमानावर आक्षेप घेतला तो हाच: चार ठिकाणी पाहिले म्हणून सगळीकडे कसे म्हणता? आम्ही चार्वाकवादी नाही, पण बॅटरीच्या बाबतीत त्याचे ऐकावे.

न्यूयॉर्क शहरात अशा सायकलींच्या बॅटऱ्यांनी इतक्या आगी लागल्या, की २०२३ साली त्यांनी वापरलेल्या बॅटऱ्यांतले सेल काढून नव्या बॅटऱ्या जोडणे आणि विकणे यावर कायद्याने बंदी घातली. तिथेही त्या वापरणारे बहुतेक जेवण पोचवणारेच. हे आम्ही त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “सर, तिथे नवीन घ्यायला पैसे देतात का?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता आमची बॅटरी का चालली, ते सांगतो, कारण ‘२.४ वालीही खालीच की’ असे तुम्ही म्हणाल. सगळ्यात खालचा गट कुठे आहे, आणि तो तिथे किती काळ होता, हे दोन प्रश्न निर्णायक. बेरीज नव्हे. आमचा विद्यार्थी साधारण असे धरतो: सगळे गट २.५ च्या वर, तर हरकत नाही, हळू भरू. एखादा २ ते २.५ च्या मध्ये, तर फार हळू, डोळ्यांसमोर, आणि पुढे परीक्षा. २ च्या खाली आणि किती दिवस तसा होता हे ठाऊक नाही, तर नाही. भंगारातल्या मालाचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. आमच्या बॅटरीचा होता. आठ महिने बंद, घरात, कोरड्या जागी, आणि बीएमएसचा स्वतःचा थेंब-थेंब खर्च.

भरताना त्याने नेहमीचा चार्जर लावलाच नाही. टेबलावरचा वीजपुरवठा घेतला, ज्यावर व्होल्टेज आणि प्रवाह या दोन्हींची वरची मर्यादा ठरवता येते. आधी एकट्या खालच्या गटाला ०.३ अँपिअरने, त्याच्या दोन टोकांवरून, तासभर. तळाशी असलेल्या सेलचे व्होल्टेज थोड्या विजेने पटकन चढते, त्यामुळे तो इतरांच्या ओळीत आला. मग संपूर्ण बॅटरीला चार्जिंगच्या भोकातूनच, म्हणजे बीएमएसच्या देखरेखीखाली, पुन्हा ०.३ अँपिअर, व्होल्टेजची कमाल मर्यादा ४२. त्या व्होल्टेजने बीएमएस जागा झाला. अन्योन्याश्रय सुटला. दर दहा मिनिटांनी हात लावून पाहायचे: कोमटसुद्धा होता कामा नये. सगळे गट ३ च्या वर गेल्यावर नेहमीचा चार्जर.

नेहमीचा चार्जरही दोन टप्प्यांत काम करतो. आधी ठरावीक प्रवाह देतो आणि व्होल्टेज चढू देतो. ४२ ला पोचला की व्होल्टेज धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी कमी होतो. माठ भरताना काठाशी आल्यावर आपण धार बारीक करतो ना, तसे. म्हणून शेवटच्या थोड्या भरण्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच घाईच्या माणसाने ऐंशी-नव्वद टक्क्यांवर काढली तर बॅटरीचे काही बिघडत नाही, उलट आयुष्य वाढते.

आमच्या पिढीची इथे एक गडबड होते. आपल्याला सवय स्कूटरच्या, इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीची. गास्तों प्लांते याने १८५९ साली केली ती जात. तिला कायम भरलेली ठेवावी लागते, उतरलेली पडली की पत्र्यांवर सल्फेट धरते. लिथियमची जात उलटी. ती १९९१ साली बाजारात आली, आणि तिला पडून राहायचे असेल तर अर्धी भरलेली आवडते. तिच्यामागच्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. (हशा)

बॅटरी भरली. पण भरली म्हणजे बरी झाली का? नाही. आता दोन परीक्षा. पहिली: भरून ठेवा, काहीही जोडू नका, पंधरा दिवस. मग पुन्हा एकेक गट मोजा. आतून झिरपणारा गट इथे उघडा पडतो. बाकीचे जागच्या जागी आणि तो एकटा दहाव्या हिश्श्याने, पाचव्या हिश्श्याने खाली. आमचा २.४ वाला गट बाकीच्यांहून फक्त दोन शतांश व्होल्ट मागे होता. दुसरी परीक्षा: किती वीज साठते? त्याने मोटरसायकलच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ३५ वॉटचे तीन दिवे एकापुढे एक जोडले, म्हणजे १०५ वॉट. साधारण २.९ अँपिअर. सगळ्यात कमजोर गट ३ व्होल्टला आला तेव्हा थांबवले: दोन तास पस्तीस मिनिटे. म्हणजे साडेसात अँपिअर-तास. नवी असताना दहा होते. पाव शक्ती गेली, पाऊण राहिली. सत्तरीतल्या माणसाला हा हिशेब चांगलाच समजतो.

मुलाच्या बॅटरीचे काय करायचे? आठ गट चांगले होते, ते काढून दुसरीकडे वापरू, हा मोह आमच्या विद्यार्थ्यालाही झाला. मग तो म्हणाला, ज्या पेटीत दोन गट असे गेले, तिच्यातल्या बाकीच्यांवर काय बेतले ते आपल्याला माहीत नाही. दिव्याला चालतील एक वेळ, सायकलला नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून त्याने ती आपल्याकडच्या जुन्या बॅटऱ्यांबरोबर पुनर्चक्रणाला दिली. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आहेत. वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, आणि गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर. पण घंटागाडीत ती जातेच, हे आपण सगळे जाणतो. कचऱ्याच्या गाडीत दबली की तिथेही पेटते.

आमची सौभाग्यवती म्हणाली, “तुमची द्या त्याला. तुम्ही काही वेताळ टेकडी चढत नाही आता.” हे कुणी पूर्ण खोटे आहे असे म्हणू शकणार नाही. आम्ही ‘हो’ म्हणालो. आणि लगेच गप्प झालो. कारण तो बॅटरी कुठे भरणार? इस्त्रीच्या टपरीमागे दहा बाय बाराची खोली, पाच माणसे, एकच दार, आणि बॅटरी ठेवायला जागा त्या दाराशीच. रात्री येणार, चार्जरला लावणार, झोपणार. आमच्या पार्किंगमधल्या मोकळ्या कोपऱ्यात आम्ही तिला ‘चांगली’ म्हणत होतो. त्या दाराशी ठेवायची म्हटल्यावर तो शब्द तोंडातून निघेना. मग आम्ही ‘चांगली’ म्हणत होतो ते कशाच्या आधारावर? बॅटरी तीच, आकडे तेच. धोका कुठे आहे आणि तो कुणाच्या बाजूला झोपला आहे, हे आमच्या त्या शब्दात आधीपासून लपलेले होते. आम्ही इतकी वर्षे ‘गुण वस्तूत असतो’ असे शिकवत आलो. याचा विचार अजून संपलेला नाही, म्हणून पुढे काही बोलत नाही.

शेवटी असे ठरले. बॅटरी त्याची, पण भरायची सोसायटीच्या पंपाच्या खोलीबाहेर, पत्र्याखाली, फरशीवर, दिवसा. तो कॉलेजला जाताना लावतो, आम्ही पेपर वाचत जवळपास असतो, दुपारी काढतो. समितीच्या बैठकीत यावर पाऊण तास वाद झाला. ‘बाहेरच्यांना वीज का’ असा एक मुद्दा आला. बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते, हे आम्ही फळ्यावर लिहून दाखवले. सहा महिन्यांपुरती परवानगी मिळाली आहे. त्यातले चार झाले. दर महिन्याला आमचा विद्यार्थी गट मोजून जातो.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: बॅटरी तापायला लागली, धूर आला तर घरात काय करायचे?) उचलून बाहेर नेऊ नका. लोक हेच करतात आणि हात-तोंड भाजून घेतात. धूर विषारी असतो. माणसे बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा आणि लिथियम बॅटरी आहे हे आवर्जून सांगा. ज्वाळा विझल्या तरी ती काही वेळाने पुन्हा पेटू शकते, कारण आतली उष्णता जात नाही. ती घालवायला भरपूर पाणी लागते, आणि ते काम त्यांचे.

(प्रश्न: फ्रीजमध्ये ठेवून बॅटरी जिवंत होते, असे ऐकले आहे.) आम्हीही ऐकले आहे. काही होत नाही. उलट शून्य अंशाच्या खाली असताना भरली, तर आत लिथियम धातू साचतो, म्हणजे आणखी एक सुई.

(प्रश्न: आम्ही मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जातो. सायकल तशीच राहते.) उत्तम प्रश्न, कारण ही वेळच येऊ नये. जाण्याआधी बॅटरी निम्मी ठेवा. ३६ व्होल्टची असेल तर मीटरवर ३७-३८ दिसले पाहिजे. सायकलवरून काढून ठेवा, नाहीतर डिस्प्ले थोडी थोडी वीज खात राहतो. उन्हाच्या खिडकीत नको, देवघराजवळ नको, जिन्यात नको. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की, दोन-अडीच महिन्यांनी एकदा मीटर लावून बघा, ३५ च्या खाली गेली असेल तर तासभर भरा. त्यांना मीटर वापरता येत नसेल, तर जाण्याआधी शिकवून जा. दहा मिनिटे लागतात. आम्हाला सौभाग्यवतींनी आठ मिनिटांत शिकवले.